दसऱ्याला पूजेतून उचललेली पक्कड

फ्यूज ही गाडीतली सगळ्यात कमजोर वस्तू, आणि ती कमजोरच असावी लागते. हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलोय. निम्म्या लोकांना अजून पटलेलं नाही. माणसाचा स्वभाव असा की जी वस्तू सारखी तुटते ती काढून दणकट टाकायची. चपलेला ते चालतं, दाराच्या कडीला चालतं. फ्यूजला तसं केलं की गाडी जळते.

आमच्या वाचनालयाची पोरं घरी आली आणि म्हणाली, "अण्णा, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यावर लिहा." मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तेही मास्तर दिसले तर. पोरांना सांगितलं, ऱ्हस्व-दीर्घ तुमचं, म्हणणं माझं. म्हणण्याला हात लावाल तर अंक परत पाठवीन. ती हो म्हणाली, म्हणून हे लिहितोय.

मी नवघर गावचा. वडील मिठागरावर होते. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकलो आणि गावातच, रस्त्याला लागून, दुकान टाकलं. मीठ आमच्या घराण्याचं अन्न, पण माझ्या धंद्याचा दुश्मन. खाडीची हवा पितळेला लागली की पितळ हिरवं पडतं, आणि हिरव्या पितळेतून करंट धड जात नाही. तेव्हा मीठ माणसाला काय करतं आणि तारेला काय करतं, ही दोन्ही शिक्षणं माझी घरातच झाली.

माझी खास ओळख म्हणजे ट्रॉलीचं काम. व्हॅनच्या मागे ट्रॉली जोडतात ना, जनरेटरची, बोटीची, खाण्याच्या गाडीची, तिची वायरिंग. पुष्कळ मिस्त्री त्या कामाला कंटाळतात. मला ते आवडायचं. कारण साधी गाडी बिघडली तर पुढे बसलेल्याला कळतं. ट्रॉलीचं मागे काय चाललंय ते पुढच्याला दिसत नाही. तिथे मिस्त्रीच्या हातावरच सगळा भरवसा.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते. व्हॅनच्या मागे, हुकाच्या बाजूला, सात भोकांचं सॉकेट असतं. ट्रॉलीचा प्लग त्यात बसतो. एका भोकातून ब्रेक लाइट, एकातून डावा इंडिकेटर, एकातून उजवा, असं प्रत्येकाचं काम वाटून दिलेलं. आणि त्यात एक भोक असतं अर्थचं. लोक त्यालाच विसरतात. करंट गेला तर त्याला परत यायला वाट लागते. ती वाट म्हणजे अर्थ.

कांबळेताई म्हणून आमच्या एक गिऱ्हाईक आहेत. माणसं मूळची मराठवाड्याची, आता खारी गावाजवळच्या इमारतीत राहतात. व्हॅनच्या मागे खाण्याची ट्रॉली लावून त्या कंपन्यांच्या गेटवर पोळीभाजी विकतात. एकदा आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, ब्रेक दाबला की माझे इंडिकेटर लागतात. मागचा रिक्षावाला मला शिव्या देतो, कधी डावीकडे जाते म्हणतो, कधी उजवीकडे."

मी सांगितलं, "ताई, तुमचा अर्थ सुटलाय. करंटला घरी जायला रस्ता नाही, म्हणून तो शेजाऱ्याच्या घरातून चाललाय."

"आमच्या इमारतीत पण एक असाच आहे," ताई म्हणाल्या, "लिफ्ट बंद पडली की आमच्या गॅलरीतून जायला बघतो."

अर्थची तार घासून नवी जोडली, काम झालं. पण ताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. प्रत्येक तार कुठे जाते ते विचारून घेतलं. आता त्यांच्या व्हॅनमध्ये एक जुना मसाल्याचा डबा असतो. हळदीच्या वाटीत पिवळे फ्यूज, मिरचीच्या वाटीत लाल, निळे जिऱ्याच्या वाटीत. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा. लालच्या जागी लालच. असं गिऱ्हाईक मिळालं की मिस्त्रीला घरी दोन घास जास्त जातात.

सगळी अशी नसतात. आणि सगळ्यांना ओरडताही येत नाही. कारण त्यातला एक माझा व्याही निघाला.

माझी मुलगी वैशाली घोडबंदरला दिली आहे. तिचे सासरे हरिशेठ. पूर्वी त्यांची भातशेती, आता मंडप आणि जनरेटरचा धंदा. माणूस दिलदार, पण शब्दाला पक्का आणि माझ्याइतकाच हट्टी. लग्न ठरवताना आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं होतं, आणि त्यानंतर सांभाळूनच वागत होतो.

मी सांगतोय तो दिवस दसऱ्याचा. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. पाटावर लाल कापड, त्यावर पक्कड, पेचकस, करंट आहे का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प, सोल्डरिंग आयर्न, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांचा. दुकान उघडल्यापासून मी हा नियम मोडला नव्हता. एकदा एक साहेब गाडी घेऊन आले, दुप्पट देतो म्हणाले, त्यांनाही मी पेढा देऊन परत पाठवलं होतं.

दुपारी धुतलेले कपडे घालून दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. आधी वास आला. तारेवरचं प्लास्टिक तापलं की गोडसर, घशाला लागणारा वास येतो, तो. मग हरिशेठची व्हॅन आली, मागे जनरेटरची ट्रॉली. चालवायला जावई प्रदीप. शेजारी हरिशेठ, पांढऱ्या कपड्यांत. मागच्या सीटवर विहीणबाई, वैशाली आणि तिच्या मांडीवर माझी नात. ट्रॉलीवर जनरेटरला टेकून त्यांचे दोन कामगार.

हरिशेठ उतरले, माझ्या हातात आपट्याची पानं दिली, गळाभेट झाली. घाटापलीकडे, ठाण्याच्या बाजूला, एका मंडळाच्या देवीची मिरवणूक होती. त्यांचा जनरेटर तिथे वेळेवर पोचायचा होता.

"पन तुमच्याकडं आधी आलू," हरिशेठ म्हणाले. "मागचं लाइट गेलं व्हतं. मीच चालू केलं."

"कसं काय?"

"फ्यूज उडाला, दुसरा घातला. तो पन उडाला. व्हतं तेवढं संपलं. मंग आमच्या हिच्या अंबाड्यातला आकडा घातला. तवापासून उडला न्हाय." हे त्यांनी कौतुकानं सांगितलं.

"उडंल कसा," मी म्हटलं. "तो उडायला बनवलाच न्हाय."

अंबाड्याचा आकडा फ्यूजच्या दोन खाचांत बरोबर बसतो. जणू त्याच मापाचा केलाय. मी फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं आणि रुमालात धरून आकडा ओढला. रुमालातूनसुद्धा चटका बसला. थंड झाल्यावर तो विहीणबाईंच्या हातात दिला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "कवापासून एका हातानं अंबाडा धरून बसलीय."

मी मागे गेलो. ट्रॉलीच्या लाल दिव्यांवर झेंडूचा जाड हार आडवा बांधलेला. एका दिव्याच्या काचेवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, तेही भरगच्च. आणि सात भोकांच्या सॉकेटला मुंग्या लागलेल्या. माझ्या उभ्या आयुष्यात सॉकेटला मुंग्या लागलेल्या पाहिल्या नव्हत्या. बोट लावलं तर चिकट. वर खोबऱ्याचा कीस.

"हरिशेठ, नारळ कुठं फोडलाव?"

"हुकावर. मंग कुठं फोडनार? ट्रॉलीचा सगला भार त्याच्यावर. मान त्याचाच."

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. मान हुकाचाच आहे. पण हुकाच्या बाजूला सॉकेट, आणि नारळाचं पाणी सरळ त्यात गेलेलं. पाण्यातून एका पिनेचा करंट दुसरीवर उडी मारत होता, फ्यूज आपलं काम करून मरत होते, आणि यांनी त्या जागी न मरणारा आकडा बसवला. मग तार तापली. फ्यूज मरतो तो तार जगावी म्हणून. फ्यूज मरत नसेल तर तार मरणार, आणि ती एकटी मरत नाही.

मी त्यांना म्हटलं, "ट्रॉली इथंच सोडा. व्हॅन घेऊन जा."

"आनि जनरेटर खांद्यावर नेऊ काय? दुकानात फ्यूज असंल ना. टाका नि सोडा."

"टाकला तर परत उडंल."

"मंग आकडा हाय."

मी फ्यूजच्या डब्याचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवला. घाटातला उतार मला माहीत आहे. उतारावर ट्रॉली मागून ढकलते, पुढच्याला ब्रेक जास्त लागतो, आणि मागून ट्रक येत असतात. ज्या ट्रॉलीचा ब्रेक लाइट हारामागे लपलाय, जिची तार कुठेतरी शिजतेय, ती माझ्या नातीच्या मागे बांधून मी पाठवणार नव्हतो.

"मंग दुरुस्त करा," हरिशेठ म्हणाले.

सगळ्यांनी दुकानाच्या आत बघितलं. पाटावर लाल कापड, उदबत्ती अजून जळत होती.

"आज हत्यार पूजेत हायत," मी म्हटलं. "आज मी उचलीत न्हाय."

हरिशेठ हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "म्हनजे तुमी करनार न्हाय, नि आमाला जाऊ देनार न्हाय. व्याह्याला सनाच्या दिवशी दारात बांधून ठेवताव."

तेवढ्यात आमच्या घरातली पाणी आणि चहा घेऊन आली. घर दुकानाच्या मागेच आहे. हरिशेठ म्हणाले, "पानी नको."

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. आमच्यात व्याही दारातून पाणी न घेता गेला की ती गोष्ट वर्षभर जेवणाच्या पंक्तीत बसते. आणि ती ऐकायची कोणी? आमच्या वैशालीने. तिला कोणी टोचून बोलणार नाही, विहीणबाई तशा नाहीत, पण प्रत्येक सणाला "तुझ्या बापाकडं नको बाय" एवढं तरी होणारच. माझ्या बायकोच्या हातातला ट्रे मला दिसत होता.

हरिशेठ सीटवर जाऊन बसले. "प्रदीप, गाडी चालू कर."

प्रदीपने चावीला हात लावला आणि तसाच थांबला. बापाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. मी झाकणावरचा हात काढला नाही. कोण जिंकणार याचा प्रश्न नव्हता. दोघंही हरणार हे मला दिसत होतं, पण हात काही निघेना.

वैशाली उतरली. नात आजीच्या मांडीवर दिली आणि मला म्हणाली, "बाबा, काम किती वेळाचं आहे?"

"तासाभराचं. पन आज—"

"आज काय ते मला माहितीय."

तिने दुकानाच्या उंबऱ्यावर चप्पल काढली. पाटासमोर वाकून नमस्कार केला. मग पक्कड, पेचकस आणि टेस्ट लॅम्प उचलला. पकडीला चिकटलेलं झेंडूचं फूल परत पाटावर ठेवलं. बाहेर आली तेव्हा तिच्या तळव्याला कुंकू लागलं होतं.

"ही तुम्ही नाही उचलली, मी उचलली," ती म्हणाली. "सणाची माहेरवाशीण आहे मी. देवीचं आणि माझं मी बघून घेईन." आणि मला पुढचं बोलू न देता सासऱ्यांकडे वळली. "मामंजी, दिव्यावरचा हार काढा. तुम्ही घातलाय, तुम्हीच काढा. मंडळाला फोन करून सांगते, जनरेटर तासभर उशिरा येतोय. देवी काय जनरेटर सोडून निघून जाणार नाही."

विहीणबाई व्हॅनमधून म्हणाल्या, "उतरा आता. ती माझं पन ऐकत न्हाय, तुमचं काय ऐकनार."

मी पक्कड हातात घेतली. पहिल्यांदा त्या दिवशी. काम समोर आलं की माझे हात मला विचारत नाहीत.

वैशाली टेस्ट लॅम्प धरून माझ्याबरोबर ट्रॉलीखाली वाकली. मी "पुढची पिन" म्हणायच्या आधी तिचा लॅम्प पुढच्या पिनेवर असायचा. हे तिला मी शिकवलं नव्हतं. शाळेतून आली की दुकानाच्या पायरीवर बसून बघायची. मी म्हणायचो, आत जा, ग्रीस लागेल. ती बघून बघून शिकली होती, आणि मला त्या दिवसापर्यंत पत्ता नव्हता.

सॉकेट काढून नवीन बसवलं. मग तारेचा माग घेत मागे गेलो. ट्रॉलीच्या पट्टीला काळ्या टेपने गुंडाळलेला तारांचा जुडगा होता. एका ठिकाणी टेप मऊ झाली होती. ती चिरली आणि मी हरिशेठना हाक मारली.

"हरिशेठ, इकडं या. हात लावू नका. नुसतं बगा."

ते आले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. तारेचं कव्हर वितळून गेलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं, आणि त्याला चिकटून जनरेटरच्या डिझेलचा रबरी पाइप जात होता. पाइपवर बोटभर काळा डाग पडला होता. भोक पडलं नव्हतं. अजून पडलं नव्हतं.

त्यांनी तिकडे बघितलं, मग व्हॅनच्या मागच्या काचेकडे बघितलं. काचेला नाक लावून नात आमच्याकडे बघत होती. हरिशेठ सरळ उभे राहिले, दिव्यांवरचा हार सोडला आणि दोन्ही हातांनी नेऊन जनरेटरच्या डोक्यावर ठेवला. मग पांढऱ्या शर्टाच्या टोकानेच काचेवरचं स्वस्तिक पुसलं. शर्ट लाल झाला.

तार नवी टाकली, डिझेलच्या पाइपपासून लांबून नेली. पाइपचाही तो तुकडा बदलला. जनरेटर ट्रॉलीवर मागे सरकला होता, तो कामगारांकडून थोडा पुढे घेतला. वजन चाकांच्या जरा पुढे असावं, म्हणजे हूक खाली दाबलेला राहतो. वजन मागे गेलं की ट्रॉली शेपटासारखी हलते आणि वेग वाढला की पुढच्या गाडीलाच ओढत नेते. हुकाखाली साखळ्या लोंबत होत्या, त्या एकमेकींना ओलांडून लावल्या. हूक सुटला तरी ट्रॉलीचं तोंड साखळ्यांच्या झोळीत पडतं, रस्त्यावर नाही. आणि दोन्ही कामगारांना उतरवून व्हॅनमध्ये बसवलं. त्यांना ट्रॉलीवर वारा चांगला लागतो म्हणे. मी म्हटलं, वारा नंतर खा, आज पोचा.

शेवटी लाल फ्यूज बसवला. दहाचा.

आता तपासणी. त्याला दोन माणसं लागतात. एक पुढे ब्रेक दाबायला, एक मागे बघायला. मी प्रदीपला हाक मारणार तोच हरिशेठ त्याला म्हणाले, "उठ." आणि स्वतः चालवायच्या सीटवर चढून बसले. मी मागे उभा राहिलो.

"लागला काय?" पुढून आवाज आला.

"लागला," मी म्हटलं.

"डावा?"

"लागला."

"उजवा लागला काय, व्याही?"

"लागला."

मघापासून त्यांनी मला व्याही म्हटलं नव्हतं. मुंग्यांच्या गडबडीत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, आता आलं.

ते खाली उतरले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "विहीनबाय, च्या थंड झाला आसंल."

"दुसरा टाकलाय," ती म्हणाली. तिने खरंच टाकला होता. काम चालू होतं तेव्हाच.

त्यांनी आधी पाणी घेतलं, मग चहा. पेला खाली ठेवताना म्हणाले, "पूजेतली हत्यार उचलायला लावली. देव रागावला तर माझ्या नावावर घाला."

"तुमच्या सुनंच्या नावावर हाय," मी म्हटलं. "तिनं आधीच घेतलंय."

ते गेले. फ्यूज परत उडाला नाही. वैशालीने पोचल्यावर फोन केला तेव्हा मागे ढोल वाजत होते आणि मला काहीच ऐकू आलं नाही, पण फोन आला हेच पुरे होतं.

त्यानंतरच्या प्रत्येक दसऱ्याला मी एक पक्कड, एक टेस्ट लॅम्प आणि एक लाल फ्यूज पूजेबाहेर फळीवर ठेवायला लागलो. नियम मोडला म्हणा, मला तसं वाटत नाही. हत्यारांचा दिवस हत्यारांना आहेच. एका पकडीला मात्र सुट्टी नाही. देवळातसुद्धा कोणीतरी बाहेर चपलांपाशी बसतोच.

हरिशेठ आता नारळ पुढच्या चाकासमोर, रस्त्यावर फोडतात. हार बोनेटवर. दर दसऱ्याला सोनं द्यायला ट्रॉलीसकटच येतात, काही बिघडलेलं नसतं तरी. आल्यावर स्वतः सीटवर चढतात, ब्रेक दाबतात आणि विचारतात. मी मागे उभा राहून लागला म्हणतो. मगच चहा. विहीणबाई म्हणतात, या दोघांना आरती येत नाही, हीच येते.

दुकान मी आता बंद केलंय, गुडघे वाकत नाहीत. वैशालीने त्यांच्या मंडपाच्या सगळ्या गाड्यांची वायरिंग स्वतःकडे घेतली आहे. तिला मी त्या पायरीवरून आत हाकलायच्या ऐवजी हातात टेस्ट लॅम्प दिला असता, तर दुकानाची पाटी आज उतरवावी लागली नसती. हे मी तिला बोललो नाही. तिला माहीत असणार.

यंदा दसऱ्याला सकाळी पूजा मांडायला घेतली आणि फळीवर बघितलं तर पूजेबाहेरची पक्कड नव्हती. शोधाशोध केली, बायकोला विचारलं. ती म्हणाली, "गेल्या महिन्यात पोरीनं नेली. म्हनाली, आता ती माझ्याकडं लागंल."

दुपारी व्हॅन आली. मी खुर्चीवरून उठेपर्यंत हरिशेठ सीटवर चढले होते.

"लागला काय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ट्रॉलीच्या मागून वैशाली म्हणाली, "लागला, मामंजी."

मी परत खुर्चीवर बसलो आणि चहा आणायला सांगितला.